साठ हजार आहेत : रे ट्रेसिंगवालं कार्ड घेऊ का ओएलईडी मॉनिटर? (गेम दिसायला भारी हवाय)

फ्रेमवेडा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण आता डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून धागा काढतोय. बोनस झालाय, घरच्यांनी "तुझं तू बघ" म्हणून हात वर केलेत आणि साधारण साठ हजार गेमिंगवर घालवायचं ठरलंय. सध्याचं सामान असं : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबीवालं) आणि २४ इंची फुल एचडी आयपीएस (साधा एलसीडी) मॉनिटर, जो कॉलेजपासून चालत आलाय आणि मरता मरत नाहीये. ऑनलाइन मारामारी सोडली, वय झालं. आता फक्त स्टोरीवाले गेम, सायबरपंक, ॲलन वेक २ असले, तेही रात्री सगळे झोपल्यावर. मला फ्रेम मोजायच्या नाहीयेत, दिसायला भारी पाहिजे एवढंच.

तर नवीन कार्ड घेऊन रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या काढायची पद्धत) आणि त्याचा सगळ्यात जड प्रकार पाथ ट्रेसिंग, सगळं फुल करू, का कार्ड तेच ठेवून ओएलईडी किंवा मिनी एलईडी (मागचा बॅकलाइट झोनझोनने कमी-जास्त होणारा) मॉनिटर घेऊ? दोन्ही एकदम जमणार नाही. दुकानवाला म्हणतो कार्ड, ऑफिसातला मित्र म्हणतो मॉनिटर, यूट्यूबवाले ज्याची जाहिरात असेल ते म्हणतात. दिवसा त्याच मॉनिटरवर वर्क फ्रॉम होम असतं, एक्सेल आणि बरंचसं मराठी टायपिंग, हे पण धरा.

तर्रीवाला_नागपूर
मॉनिटर घे बे. येवढा मोठा प्रश्नच नाही हा. पाथ ट्रेसिंगचे व्हिडिओ पाहून कार्ड घेशील आन् पाहशील कशावर, त्याच धुवट पॅनलवर? आयपीएसचा कॉन्ट्रास्ट धरून चाल १०००:१, म्हणजे पांढरा ३०० निट्सवर (निट म्हणजे उजेडाचं माप) ठेवला तर काळा ०.३ निट्स. ऐकायला कमी वाटते पण रात्री लाईट बंद करून ॲलन वेकचं जंगल पाह्य, झाडाच्या मागे अंधार नाही, राखाडी धुकं दिसते. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःचा स्वतः पेटते आन् स्वतः विझते, मागे बॅकलाइट नाहीच तर गळनार काय. मी मागच्या वर्षी घेतला, कार्ड तेच जुनं, आन् जुने गेम परत खेळून राह्यलो.

बाणेरचा_बोका
असहमत. मॉनिटर म्हणजे शेवटी खिडकी. बाहेर काही बघण्यासारखं नसेल तर काच कितीही पुसा. ३०६० वर सायबरपंक ओव्हरड्राइव्ह मोडमध्ये (म्हणजे पाथ ट्रेसिंग) लावून बघा, स्लाइड शो होतो. २०१८च्या सप्टेंबरात एनव्हिडियाची रे ट्रेसिंगवाली २० सिरीज आली तेव्हा आम्ही पण हसलो होतो, बॅटलफील्ड ५ मध्ये डबक्यातलं प्रतिबिंब बघायला निम्मे फ्रेम घालवायचे म्हणून. आता ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. इंडियाना जोन्स (डिसेंबर २०२४) आणि डूम द डार्क एजेस (मे २०२५) हे रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालूच होत नाहीत. उद्या तुमचा ओएलईडी नवाकोरा असेल आणि कार्ड लो सेटिंगवर धापा टाकत असेल. आणि हो, "काळा रंग काळा दिसतो" याला ग्राफिक्स सुधारणं म्हणत नाहीत, आम्ही तरी नाही म्हणत.

सावलीवाला
दोघंही अर्धं बरोबर बोलताय. मी पोटापाण्यासाठी गेममधली लायटिंगच करतो (पुण्यातच, कुठे ते विचारू नका), त्यामुळे जरा लांबण लावतो, माफी असावी.

आधी हे बघा की प्रकाश गेममध्ये येतो कुठून. जुनी पद्धत बेकिंगची. म्हणजे लेव्हल बनली की आमचं मशीन रात्रभर हिशोब करत बसतं, कुठल्या दिव्याचा उजेड कुठल्या भिंतीवर आपटून पुढे कुठे जातो, आणि ते उत्तर लाइटमॅप नावाच्या टेक्स्चरमध्ये चिकटवून टाकतो. १९९६च्या क्वेकमध्ये हेच होतं, २००८च्या मिरर्स एजमध्ये हेच, पांढऱ्या भिंतीवर शेजारच्या केशरी दरवाजाची छटा उतरलेली दिसते ना, ती आधीच शिजवलेली आहे. २०१४चं असॅसिन्स क्रीड युनिटी, त्यातलं पॅरिस आजही लोकांना नवीन वाटतं, तेही बेक केलेलं. म्हणून तिथे सूर्य हळूहळू सरकत नाही, दिवसाच्या ठरलेल्या वेळा आहेत तेवढ्याच. बेकिंगची गंमत अशी की तुमच्या कार्डाला काही कष्टच नाहीत. तोटा असा की काहीही हलवायचं नाही. भिंत फुटली, टेबल उचललं, टॉर्च फिरवला की सोंग उघडं पडतं.

हलणाऱ्या गोष्टींसाठी मग जुगाड चालू झाले. प्रतिबिंबासाठी स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन, ज्यात फक्त पडद्यावर दिसतंय तेवढंच पाण्यात दिसतं, कॅमेरा खाली वळवला की समोरची इमारत तळ्यातून गायब. कोपऱ्यातल्या सावलीसाठी एसएसएओ, जे २००७च्या क्रायसिसने आणलं आणि मग पुढची कित्येक वर्षं प्रत्येक गेममध्ये प्रत्येक वस्तूभोवती काजळ फासलेलं असायचं. रे ट्रेसिंग या सगळ्या जुगाडांना एकच उत्तर देतं, किरण सोडा आणि कुठे आपटतो बघा. पण किरण किती सोडता येतात? रिअल टाइममध्ये पिक्सेलमागे एखाददुसरा. त्यातून जे चित्र येतं ते अक्षरशः मुरमुरे सांडल्यासारखं असतं, आणि डीनॉयझर मागच्या फ्रेम्सची मदत घेऊन ते पुसून स्वच्छ करतो. म्हणून दिवा लावला की उजेड खोलीत 'चढत' जातो असं वाटतं, क्षणभर उशिरा. एनव्हिडियाचं रे रिकन्स्ट्रक्शन २०२३ला आलं ते याच दुखण्यावर, आणि ते २० सिरीजपासून सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हा सगळा हिशोब इंजिनच्या आत होताना त्यात सूर्य हा ट्यूबलाइटपेक्षा हजारो पटीने प्रखर असतो, खराखुरा. हाफ लाइफ २ चं लॉस्ट कोस्ट आठवतंय का कुणाला, २००५? ते एचडीआर (म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) रेंडरिंगचं प्रात्यक्षिकच होतं. म्हणजे वीस वर्षं गेम आतून एचडीआरच आहेत. आम्ही एवढा पसारा मांडतो आणि शेवटच्या पायरीवर टोनमॅपिंग करून ते सगळं तुमच्या एसडीआर (साध्या, छोट्या पल्ल्याच्या) पडद्यात दाबून बसवतो, जिथे सूर्य, बल्ब आणि पांढरा शर्ट तिघंही एकाच पांढऱ्यावर येऊन थांबतात. एसडीआर मास्टरिंगचा जुना दंडक १०० निट्सचा आहे, एचडीआर१० चा पीक्यू कर्व्ह (उजेडाची मोजपट्टी) १०,००० निट्सपर्यंत जातो, आणि आपल्या घरातले पडदे तिथवर पोचत नाहीत हे खरं, पण ३०० निट्सचा आयपीएस आणि ठिपक्याएवढ्या भागात १००० निट्स दाखवून बाजूचा पिक्सेल पूर्ण विझवणारा ओएलईडी यात फरक प्रचंड आहे. तुमचं ३०६० आज जो प्रकाश मोजतंय तोच तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. म्हणून माझं मत पडदा आधी. नवीन कार्ड आणखी बरोबर प्रकाश मोजेल आणि तुमचा मॉनिटर तोही कापून टाकेल.

फ्रेमवेडा
सावलीवाला, दंडवत. हे लॉस्ट कोस्टचं माहीतच नव्हतं. पण माझ्या सध्याच्या मॉनिटरवर एचडीआरचा ऑप्शन येतो की, चालू केलं की सगळं पाण्यात बुडवलेल्या फोटोसारखं दिसतं म्हणून बंद ठेवतो. तो एचडीआर नाही का?

रातकिडी
नाही, तो खोक्यावरचा एचडीआर आहे :) तुझ्याकडे बहुतेक डिस्प्लेएचडीआर ४०० वाला किंवा तोही शिक्का नसलेला असणार. व्हेसाने (डिस्प्लेची मानकं ठरवणारी संस्था) ती सर्टिफिकेटं २०१७च्या शेवटी काढली आणि सगळ्यात खालची ४०० ची पायरी इतकी सोपी ठेवली की पडद्याचे वेगवेगळे भाग वेगळे मंद करायची अटच नाही. मग होतं काय, पडदा एचडीआर सिग्नल घेतो, बॅकलाइट सगळा फुल करतो आणि काळ्याचा राखाडी होतो. ओएलईडीवर 'ट्रू ब्लॅक ४००' असं दिसेल, तो आकडा बघून नाक मुरडू नको, ती वेगळी परीक्षा आहे, त्यात काळा किती काळा हेही मोजतात.

मी पीएस५ वाली आहे, ओएलईडी टीव्हीवर खेळते, तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. ओएलईडी इतक्या पटकन पिक्सेल बदलतो की ३० एफपीएसचा (सेकंदाला ३० फ्रेमचा) गेम अडखळत चालल्यासारखा दिसतो. एलसीडीवर पिक्सेल सावकाश बदलतो त्यामुळे थोडा लेप बसतो आणि ते झाकलं जातं. माझा भाऊ त्याच्या जुन्या एलसीडीवर फिडेलिटी मोड (चित्र भारी, फ्रेम कमी) मजेत खेळतो, माझ्याकडे आला की पाच मिनिटांत "हे काय असं लटलट करतंय" म्हणतो. तेव्हा ३०६० वर सगळं अल्ट्रा करून तीस फ्रेममध्ये खेळायचा बेत असेल तर तो सोड. साठच्या वर ठेव, सेटिंग कमी झाली तरी चालेल.

रंकाळ्यावरचा
भावांनो मिनी एलईडीचं नाव धाग्याच्या पहिल्या पोस्टीत आहे आणि सगळे ओएलईडीच्या मागं लागलायसा. मी मिनी एलईडीवाला. व्हीए (एलसीडीचाच प्रकार) पॅनल, मागं तीनशेच्या वर झोन, २७ इंच क्यूएचडी (२५६० x १४४० पिक्सेल), आणि ओएलईडीपेक्षा खूपच स्वस्तात पडला. उजेडाचं म्हणाल तर ओएलईडी याच्यापुढं टिकत न्हाई. ओएलईडीला एबीएल असतं, ऑटो ब्राइटनेस लिमिटर, म्हणजे चांदणी एकटी असली तर १००० निट्स आणि सगळा पडदा बर्फाचा झाला की २५० च्या आसपास बसतो. बर्फातनं चालणारा गेम असू द्या, वाळवंट असू द्या, माझा पडदा डोळं दिपवतो. खरं दुपार वाटतीया.

वाईट पण सांगतो, लपवायचं कशाला. झोन म्हणजे सोसायटीच्या जिन्यातला सेन्सरवाला दिवा, एक माणूस चढला की आख्खा मजला उजळतो. काळ्या आकाशात एक चांदणी आली की तिच्याभोवती झोनभर वलय येतंय. ५७६ झोन, ११५२ झोन, हजारांनी झोन असलेले पण मिळत्यात, वलय बारीक होत जातंय, पण पिक्सेल ३७ लाख आणि झोन हजारात, गणित कुठं बसणार. आणि स्वस्तातल्या व्हीएत अंधारातनं कॅमेरा फिरवला की काळी शेपूट मागं राहती. सबटायटलभोवती पण वलय येतंय, ते आधी लई डोळ्यात यायचं, आता लक्ष जात न्हाई.

बाणेरचा_बोका
म्हणजे शेवटी मुद्दा "लक्ष जात नाही" यावरच आला. मग जुन्या आयपीएसकडेही नाहीच जात लक्ष.

तर्रीवाला_नागपूर
बोक्याला रात्री अंधारात दिसते म्हणून त्याले कॉन्ट्रास्ट लागत नाही

टॉर्चवाला
तुम्ही सगळे पडद्याच्या आतल्या उजेडाबद्दल बोलताय, खोलीतल्या उजेडाचं कोण बघणार? धागाकर्त्याने टेबल कुठे आहे, खिडकी कुठे आहे हे लिहिलेलंच नाही आणि अर्धा निर्णय तिथेच आहे. क्यूडी ओएलईडी आणि डब्ल्यूओएलईडी अशा दोन जाती आहेत. क्यूडी म्हणजे सॅमसंगची, २०२२ पासून बाजारात, निळ्या ओएलईडीवर क्वांटम डॉट बसवून लाल आणि हिरवा काढतात, रंग जबरदस्त. पण त्यात पोलरायझर (बाहेरचा उजेड अडवणारा थर) नसतो, त्यामुळे समोरून उजेड पडला की काळा भाग जांभळट राखाडी दिसायला लागतो. एलजीच्या डब्ल्यूओएलईडीत काळा उजेडातही काळाच राहतो, फक्त पांढरा सबपिक्सेल (पिक्सेलच्या आतला एकेका रंगाचा ठिपका) वेगळा असल्यामुळे खूप प्रखर जागी रंग थोडा फिका पडतो. तर खिडकी पाठीमागे असेल, दुपारी खेळणार असाल तर क्यूडीचा अर्धा पैसा पडद्याला खर्च करा. खिडकीच्या पडद्याला म्हणतोय.

दुसरं, रात्री काळोख करून खेळायची फॅशन आहे, त्यात डोळ्यांची वाट लागते. मॉनिटरच्या मागे भिंतीवर मंद दिवा लावा, बायस लाइट म्हणतात. रंग ६५०० केल्विन, कारण पडद्याचा पांढराही त्याच जातीचा असतो. आपल्याकडे हे सोपं आहे, 'कूल डेलाइट' म्हणून जी एलईडी पट्टी मिळते तिच्या खोक्यावर बहुतेक वेळा ६५००के लिहिलेलंच असतं. उजेड पडद्याच्या पांढऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्याहून जास्त नको. आयपीएसवर तर याचा फायदा लगेच दिसतो, मागची भिंत उजळली की समोरचा राखाडी काळा वाटायला लागतो, डोळा फसतो बिचारा. शे-दोनशे रुपयांत कॉन्ट्रास्ट. रंग बदलणारे दिवे, फिलिप्सचं ॲम्बीलाइट (२००४ पासून आहे ते) किंवा त्याच्या नकला, यांनी गेम मोठा वाटतो हे मान्य, पण भिंत लाल झाली की पडद्यावरचा पांढरा हिरवट वाटायला लागतो. ज्याला चित्र नीट बघायचंय त्याने साधा पांढराच लावावा. आणि छतावरची ट्यूब बंद करा हो, तिचं प्रतिबिंब बॉसच्या कपाळावर येतं.

फ्रेमवेडा
टेबल हॉलमध्ये, खिडकी माझ्या पाठीमागे. भाड्याचं घर आहे, टेबल फिरवायचं म्हटलं तर घरात महाभारत होईल. पण गेम शक्यतो रात्री दहानंतरच. दिवसा त्यावर एक्सेल उघडं असतं सकाळी नऊपासून. बर्न इनचं (तेच तेच चित्र राहून पडद्यावर कायमचा डाग पडतो म्हणतात ते) काय करायचं?

म्युनिककर
हा माझा विषय. घरून काम, ओएलईडीवर, रोजचं. बर्न इन खरं आहे पण लोक सांगतात तसं सहा महिन्यांत पडदा मरत नाही. पिक्सेल वापरला की झिजतो एवढंच आहे ते, सगळीकडे सारखा झिजला तर कळत नाही, टास्कबारच्या जागी आठ तास तेच चिकटलेलं राहिलं तर ती पट्टी वेगळी झिजते. आरटिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या साइटवाल्यांनी शंभर टीव्ही लावून दीर्घ चाचणी घेतली, त्यात पडद्यावर बातम्यांचं चॅनल तासन् तास चालू ठेवलेलं. आपल्या मराठी बातम्यांची लाल 'ब्रेकिंग' पट्टी लावली असती तर चाचणी लवकर संपली असती. तेव्हा टास्कबार लपवा, डार्क थीम, काळा वॉलपेपर, कामाच्या वेळी ब्राइटनेस कमी. खेळून होणारं नुकसान कामापेक्षा खूप कमी, कारण गेममधलं चित्र सतत हलतं.

आता महत्त्वाचं, हे भारतातल्या लोकांनी नीट वाचा. हे पडदे वापराच्या दर काही तासांनी स्वतःची डागडुजी करतात, पिक्सेल रिफ्रेश. ती होते मॉनिटर स्टँडबायला गेल्यावर. आणि आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते! आमच्या नाशिकच्या घरी आई अजूनही सगळ्या घराची बटणं फिरून बंद करते. असं रोज केलं तर ते रिफ्रेश कधी पूर्णच होत नाही. बटण चालू ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा, हवं तर बटणावर चिठ्ठी चिकटवा.

आणि मराठी टायपिंग लिहिलंयस म्हणून आणखी एक. क्यूडी ओएलईडीत सबपिक्सेल त्रिकोणात असतात, हिरवा वर, लाल निळा खाली, आणि विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत करणारं) समजतं की ते एका ओळीत आहेत. परिणाम असा की आडव्या कडांना रंगीत किनार येते, एका बाजूला हिरवट, दुसऱ्या बाजूला जांभळट. इंग्रजीत आडव्या रेघा तुटक तुटक असतात त्यामुळे चालून जातं, देवनागरीत शिरोरेषा म्हणजे आख्ख्या ओळीभर आडवी रेघ, किनार सलग दिसते. २७ इंची क्यूएचडीला साधारण ११० पीपीआय (इंचाला पिक्सेल) पडतात, तिथे मला स्पष्ट दिसायचं. २७ इंची ४के ला १६६ पीपीआय, तिथे शोधावं लागतं, पण तो तुझ्या बजेटच्या बाहेर जाईल आणि ३०६० ला ४के झेपणार पण नाही.

कॅफेवाला_२००४
वाचतोय शांतपणे. आमच्या काळी सायबर कॅफेत जाड सीआरटीवर काउंटर स्ट्राइक खेळायचो, तासाला दहा-पंधरा रुपये, आणि शप्पथ सांगतो माउस गरकन फिरवला तरी भिंतीवरची वीट न वीट दिसायची. नंतर घरी एलसीडी आला तर सगळं फरा फरा पुसलेलं. मला वाटायचं माझे डोळे गेले. कारण फार नंतर कळलं, सीआरटी चित्र क्षणभर चमकवून विझवतो आणि एलसीडी असो की ओएलईडी, फ्रेम पुढची येईपर्यंत तीच धरून ठेवतात. ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद, १२० ला ८.३, २४० ला ४.२. तेवढा वेळ डोळा पुढे सरकत राहतो आणि चित्र जागच्या जागी, म्हणून पुसट. २४ इंची सोनी एफडब्ल्यू९०० नावाच्या वाइडस्क्रीन सीआरटीसाठी लोक अजून वेडे आहेत ते उगाच नाही. सांगायचा मुद्दा, दिसायला भारी म्हणजे नुसता थांबलेला स्क्रीनशॉट भारी नव्हे. हलताना काय दिसतं तेही बघा, आणि तिथे फ्रेम लागतात, म्हणजे पुन्हा कार्ड आलं. बोक्याला एक मार्क द्या.

बाणेरचा_बोका
मार्क स्वीकारला. आणि तेच मी पहिल्यापासून म्हणतोय. २४० हर्ट्झचा ओएलईडी आणि त्यावर पन्नास फ्रेम. फुल एचडीवरून क्यूएचडीवर गेल्यावर पिक्सेल पावणेदोन पट होतात हे पण कुणी बोललं नाही, २१ लाखावरून ३७ लाख. म्हणजे मॉनिटर घेतल्यावर त्याचं जुनं कार्ड आणखी जुनं होणार. सावलीवाले, यावर बोला.

सावलीवाला
बरोबर पकडलंत, पण डीएलएसएस आहे ना, लहान चित्र काढून एआयने मोठं करणारं. जानेवारी २०२५ मध्ये जे ट्रान्सफॉर्मर मॉडेल आलं ते जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं, ३०६० वर पण चालतं, थोडं जड पडतं एवढंच. क्यूएचडीला क्वालिटी मोड म्हणजे आतून साधारण ९६० ओळींचं चित्र, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमीच काम. परफॉर्मन्स मोडला आतून ७२०. नवीन मॉडेलने ते इतकं नीट बसवलंय की मी कामाच्या सवयीने पिक्सेल शोधत बसतो तरी फसतो. एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम बनवून भरणं) ४० सिरीजच्या पुढे, पण एएमडीच्या एफएसआर ३ चं ३०६० वर चालतं, जिथे गेममध्ये दिलंय तिथे.

आणि रे ट्रेसिंग म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. प्रतिबिंब, सावल्या, ग्लोबल इल्युमिनेशन (जीआय, आपटून पसरलेला उजेड), तीन वेगळे खर्च आहेत. पैसे कमी असतील तर ग्लोबल इल्युमिनेशन ठेवा, बाकी बंद करा. मे २०२१ मधलं मेट्रो एक्झोडस एनहान्स्ड एडिशन बघा, त्यांनी जुनी लायटिंग काढूनच टाकली आणि सगळं रे ट्रेस्ड जीआयवर उभं केलं, फटीतून आलेली उन्हाची तिरीप जमिनीवर पडते आणि आख्खी खोली त्या एका तिरीपेने उजळते. ३०६० वर डीएलएसएस लावून छान पळतं. आता हाच सीन आयपीएसवर बघितला तर तिरीप पांढरी आणि कोपरा राखाडी. ओएलईडीवर तिरीप डोळ्यात जाते आणि कोपऱ्यात काय दडलंय ते कळत नाही. आम्ही लायटिंगवाले त्या कोपऱ्यासाठी भांडतो हो मिटिंगमध्ये, "प्लेअरला दिसत नाही, अजून एक दिवा टाका" म्हणणाऱ्या लोकांशी. अर्ध्या गेममधले विनाकारण उजळलेले तळघरं त्या मिटिंगांमधून आलेत.

पाथ ट्रेसिंग, सायबरपंकचं एप्रिल २०२३ चं ओव्हरड्राइव्ह किंवा ॲलन वेकचं, ते मात्र ३०६० वर विसरा. पण साठ हजारात जे कार्ड येईल त्यावरही ते रखडतच चालेल, आणि ते रखडलेलं चित्र पुन्हा त्याच २४ इंचावर. दोन वर्षांनी कार्ड घ्या, तोवर तेच पैसे जास्त दूर जातील. पॅनल कार्डाइतकं लवकर जुनं होत नाही.

रंकाळ्यावरचा
दिवसभर एक्सेल, पाठीमागं खिडकी, मराठी टायपिंग. तिन्ही लक्षणं मिनी एलईडीची हायत, आणि उरलेल्या पैशात कार्डाला पण हातभार लागंल. मी माझं मत सोडणार न्हाई.

म्युनिककर
रंकाळ्यावरच्यांचा मुद्दा खोडण्यासारखा नाही. पण जुना मॉनिटर मरत नाहीये म्हणालास ना? मग तो ठेव की. दिवसा एक्सेल आणि टायपिंग त्या आयपीएसवर, ओएलईडी बंद. रात्री ओएलईडी. बर्न इन, शिरोरेषा, दुपारचा उजेड, सगळं त्या एका जुन्या मॉनिटरवर ढकल. टेबलावर जागा नसेल तर शंभर-दीडशे युरोचा आर्म... सॉरी, तिकडे बराच स्वस्त मिळतो.

फ्रेमवेडा
हे डोक्यातच आलं नव्हतं! झालं मग. २७ इंची क्यूएचडी, डब्ल्यूओएलईडी मिळाला तर तो, नाहीतर सेलमध्ये क्यूडी जो बसेल तो, जुना आयपीएस बाजूला उभा करून. कार्ड पुढच्या पुढच्या दिवाळीला. रंकाळ्यावरचे, राग मानू नका, अंधारातली वलयं मला झेपणार नाहीत, ॲलन वेक अर्धा टॉर्चवरच चालतो. बोकोबा, तुम्ही पण. आता आल्यावर काय काय सेटिंग करायचं ते सांगा, नाहीतर मी पुन्हा एचडीआर बंद करून बसेन.

रातकिडी
लिहून घे. विंडोज ११ मध्ये स्टोअरवरून विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन ॲप टाक आणि एकदा नीट चालव, त्यातून विंडोजला कळतं तुझा पडदा कुठे संपतो. मग गेममध्ये पीक ब्राइटनेस तोच आकडा, पेपर व्हाइट (साधा पांढरा किती उजळ) २०० च्या आसपास, खोली अंधारी असेल तर आणखी खाली. मॉनिटरमध्ये दोन एचडीआर मोड असतात, ट्रू ब्लॅक ४०० आणि पीक १०००, दोन्ही बघ. बऱ्याच मॉनिटरवर १००० वाल्यात चांदण्या भारी दिसतात पण एकूण चित्र मंद होतं, अंधाऱ्या गेमला तो, बाकीला ४००. डेस्कटॉपवर एचडीआर बंदच ठेव, विंडोज एसडीआर गोष्टी एचडीआरमध्ये दाखवताना सावल्या फिकट करतं. विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की चालू बंद होतं.

ज्या गेममध्ये एचडीआर नाहीच किंवा वाईट आहे तिथे आरटीएक्स एचडीआर वापर, एनव्हिडिया ॲपमध्ये आहे, थोड्या फ्रेम खातं. आणि वाईट असतो हं बऱ्याच ठिकाणी, रेड डेड रिडेम्प्शन २ सारख्या महागड्या गेमचा एचडीआर पण २०१८ला आला तेव्हा नावापुरताच होता, नंतर सुधारला.

आणखी एक, लोडिंग स्क्रीनवर किंवा मेनूत पडदा लुकलुकला तर दुकानात भांडायला जाऊ नको. फ्रेम रेट एकदम वर खाली झाला की व्हीआरआरमध्ये (पडदा गेमच्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा वेग बदलतो ते) ओएलईडीच्या गडद छटा हलतात, व्हीएत पण होतं हे. फ्रेम कॅप लाव, साठ-सत्तरवर स्थिर ठेव, बरंच कमी होतं.

तर्रीवाला_नागपूर
आन् डिस्प्लेपोर्टची केबल डब्यातलीच वापर. डीपी १.४ वर क्यूएचडी २४० हर्ट्झ १० बिट जायला डीएससी (सिग्नल दाबून पाठवनं) लागते, ३०६० ले ते जमते, पण रस्त्यावरच्या स्वस्त केबलीनं पडदा मधातच काळा होते आन् मग तू इथं येऊन म्हणशील ओएलईडीचा काळा लयच काळा आहे म्हणून.

फ्रेमवेडा
😂 डब्यातलीच वापरतो. टॉर्चवाला, ती ६५००के पट्टी मॉनिटरच्या यूएसबीवर चालेल का, का वेगळा ॲडॅप्टर लागेल?

टॉर्चवाला
५ व्होल्टची घे, मीटरभर, यूएसबीवर चालते. मॉनिटरच्या यूएसबीला लावली की बहुतेक मॉनिटरमध्ये पडदा झोपला की पट्टीही बंद होते, काहींत मेनूतून ते सेटिंग करावं लागतं. भिंत कुठल्या रंगाची आहे? पिवळी असेल तर मागे पांढरा कार्डशीट लाव आधी.